दिवा विझवायचे साडेसातशे रुपये?

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्याकडं गाडी आहे, ज्यांचं स्वतःचं गॅरेज आहे आणि जे या दिवाळीला जुनी गाडी घ्यायचा विचार करतायत, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

विषय ऐकायला किरकोळ आहे. गाडी चालू केली की मीटरमध्ये पान्याचं चित्र येतं, किंवा 'सर्व्हिस ड्यू' अशी अक्षरं येतात. सर्व्हिसिंग झालं की हा दिवा जायला पाहिजे. बऱ्याच गाड्यांत तो आपोआप जात नाही, कुणीतरी तो रीसेट करावा लागतो. हा 'कुणीतरी' कोण असावा, यावरून जो धंदा चाललाय त्याबद्दल बोलायचंय.

माझ्या मेहुण्याची गाडी. वॉरंटी संपून वर्ष झालेलं. त्यानं गल्लीतल्या मिस्त्रीकडं ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर बदलून घेतलं. ऑइल कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं, फिल्टर कंपनीच्याच पुड्यातला, आणि सगळं काम स्वतः समोर उभं राहून. दिवा मात्र तसाच. मिस्त्रीनं दोन-चार बटणं दाबून पाहिली, त्या मॉडेलला काही जमलं नाही. मग मेहुणा सर्व्हिस सेंटरला गेला. तिथला ॲडव्हायझर पहिलं वाक्य काय बोलला? "बाहेर काम केलंय ना सर? मग सिस्टीम ॲक्सेप्ट करत नाही." गाडी आत गेली, दहा मिनिटांत बाहेर आली. बॉनेट उघडलंसुद्धा नाही. बिलात एक ओळ: सॉफ्टवेअर रीसेट, 750 रुपये. वर 18 टक्के जीएसटी. एकूण 885.

सर्व्हिस सेंटरचं नाव लिहीत नाही. कारण हे एका सेंटरचं नाही, हीच ओळ वेगवेगळ्या ब्रँडच्या बिलांवर वेगवेगळ्या नावांनी मी बघितली आहे.

"सिस्टीम ॲक्सेप्ट करत नाही" हे वाक्य मात्र धडधडीत खोटं आहे. का, ते समजून घ्या.

सर्वसाधारण गाडीतला हा दिवा म्हणजे एक काउंटर आहे. शेवटच्या रीसेटपासून किती किलोमीटर झाले आणि किती दिवस गेले, एवढंच तो मोजतो. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असा आकडा त्यात भरलेला असतो. मॉडेलप्रमाणं आकडा बदलतो. काही गाड्या थोड्या हुशार असतात: इंजिन किती वेळा थंड असताना सुरू झालं, किती तापलं, किती जोरात पळालं, यावरून ऑइलचं उरलेलं आयुष्य टक्क्यांत दाखवतात. पण तोही हिशेबच. काही महागड्या गाड्यांमध्ये ऑइलच्या दर्जाचा अंदाज घेणारे सेन्सर असतात, ते सोडले तर गाडी ऑइलचा थेंबही तपासत नाही. ऑइल कुठल्या गॅरेजमध्ये बदललं, कोणत्या कंपनीचं भरलं, बदललं तरी का नाही, यातलं त्या दिव्याला काहीही कळत नाही. कुणी शून्य केलं की तो म्हणतो झालं, पुन्हा मोजायला लागतो.

आपण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सिलिंडर लावल्याची तारीख लिहून ठेवतो ना, अगदी तसं. ती तारीख लिहायला गॅस एजन्सीचा माणूस बोलावून त्याला कुणी साडेसातशे रुपये देतं का?

इथं एक गोष्ट ठासून सांगतो, नाहीतर उद्या कुणी ही पोस्ट वाचून इंजिन जाम करून घेईल. तेलाच्या जुन्या बुधलीसारखं चित्र असलेला लाल दिवा वेगळा. तो ऑइलचा दाब कमी झाल्याचा असतो. चालत्या गाडीत तो लागला तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, 'पुढच्या चौकापर्यंत जाऊ' असं नाही. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा वेगळा, तो गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला दोष असतो. तो नुसता विझवणं म्हणजे तापात थर्मामीटर फोडणं. मी बोलतोय तो सर्व्हिसची आठवण देणाऱ्या दिव्याबद्दल. आपल्या गाडीत कुठल्या चित्राचा अर्थ काय, ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या, कारण पान्याचं चित्रही सगळीकडं एकाच अर्थानं वापरलेलं नाही.

आता हेही खरं की सगळ्याच कंपन्यांनी हे कुलूपबंद केलेलं नाही. उगाच सगळ्यांना एका दावणीला बांधायचं नाही. जुन्या अनेक टोयोटा गाड्यांत पद्धत इतकी सोपी आहे की शाळेतलं पोरगं करेल. मीटरवर ट्रिप 'ए' आणायची. इंजिन बंद करायचं. ट्रिपचं बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून किल्ली 'ऑन'वर आणायची, स्टार्ट मारायचा नाही. काही सेकंदांत आकडे शून्यावर येतात आणि दिवा जातो. पैसे शून्य. नव्या बऱ्याच गाड्यांत स्टेअरिंगवरच्या बटणांनी मेनूत जाऊन 'सर्व्हिस इंटरव्हल' सापडतं, तिथून होतं. ज्या कंपन्यांनी हे असं उघडं ठेवलंय त्यांच्या गाड्या काही रस्तोरस्ती बंद पडून राहिलेल्या नाहीत. म्हणजे हे देता येतं. दुसरीकडं जेव्हा यासाठी खास स्कॅनर लागतो आणि रीतीचा मॅन्युअलमध्ये उल्लेखच नसतो, तेव्हा ते तसं कुणीतरी ठरवून केलेलं असतं.

"अहो, साडेसातशे रुपयांसाठी एवढी मोठी पोस्ट?" असं कुणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. पैसे गेले ते गेले. खरं नुकसान आमच्या मिस्त्रीचं झालं. काम त्यानं चोख केलं, पण दिवा त्याच्याकडं विझला नाही आणि शोरूममध्ये विझला. गिऱ्हाइकाच्या मनात काय बसलं? की ह्याला येत नाही. पुढच्या वेळी मेहुणा थेट शोरूमला जाणार, आणि तिथं ऑइलसोबत इंजिन फ्लशिंग, थ्रॉटल क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन असं काय काय बिलात येणार. हा दिवा जाहिरातीचा बोर्ड आहे, तुमच्याच गाडीत तुमच्याच पैशानं बसवलेला, आणि रोज सकाळी किल्ली फिरवली की तो सांगतो 'आमच्याकडं या'.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात जा, सांगलीत जा, नाशिकच्या नाहीतर पुण्याच्या पेठांमागच्या गॅरेजांत जा. आवाजावरून टॅपेट सैल आहे की बेअरिंग गेलंय ते सांगणारी माणसं तिथं आहेत. त्यांच्या हाताला काम मिळेल की नाही हे आता त्यांच्या कसबावर ठरत नाही, सॉफ्टवेअरचा पासवर्ड कुणाकडं आहे यावर ठरतंय. दिवा ही नुसती सुरुवात आहे. इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या बऱ्याच गाड्यांत मागचे ब्रेक पॅड बदलायचे तर आधी गाडी 'सर्व्हिस मोड'ला टाकावी लागते, त्याला अनेकदा स्कॅनर लागतो. काही गाड्यांत नवी बॅटरी टाकली तरी ती कॉम्प्युटरमध्ये नोंदवावी लागते. हुशार मिस्त्री काही हजारांचा बाहेरचा स्कॅनर घेतो, दोन मॉडेलला चालतो, तिसऱ्याला चालत नाही. परत गिऱ्हाईक शोरूमला.

आणि शहरातल्या लोकांनो, तुम्हाला निदान शोरूम जवळ आहे. जत, आटपाडी, भामरागड, अक्कलकुव्याच्या माणसानं दिवा विझवायला डिझेल जाळून जिल्ह्याच्या गावाला जायचं?

बरं, हे सगळं मी पहिल्यांदा बोलतोय असंही नाही. कायद्याचं काय झालंय ते बघा.

25 ऑगस्ट 2014. भारतीय स्पर्धा आयोगानं 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. टाटा, मारुती, महिंद्रा, होंडा, टोयोटा, फोक्सवॅगन, सगळी मोठी नावं त्यात होती. ठपका काय? सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती, निदानाची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, आणि त्यामुळं एकदा गाडी घेतली की गिऱ्हाईक त्या कंपनीच्या तावडीत सापडतं. आयोगानं नुसता दंड केला नाही, आदेशही दिले. भाग आणि उपकरणं बाहेर उपलब्ध करा. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालायची नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळं जे बिघडलं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल.

हे वाक्य पुन्हा वाचा. 'बाहेर ऑइल बदललंत तर वॉरंटी गेली' असं जे काउंटरवर सांगतात, त्याबद्दल आयोग 2014 सालीच हे बोलून बसलाय.

मग? मग अपील. डिसेंबर 2016 मध्ये अपिलीय लवादानं तीन कंपन्यांच्या बाबतीत ठपका कायम ठेवला आणि दंड सुट्या भागांच्या उलाढालीवर मोजायला सांगून तो कमी केला. त्यानंतर कोर्ट, स्थगिती, तारखा. आदेशातली पोरं आता कॉलेजात गेली असतील, काउंटरवरचं वाक्य आहे तिथंच आहे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै 2022 मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं धरली. 24 डिसेंबर 2022 ला, राष्ट्रीय ग्राहक दिनाच्या मुहूर्तावर, पोर्टल सुरू झालं. चांगली गोष्ट. पण पोर्टल म्हणजे सूचनाफलक. त्यावर कंपनी आपल्याला वाटेल तेवढी माहिती टाकते. टाकली नाही तर काय, याचं उत्तर कायद्यात पाहिजे, आणि तसा स्वतंत्र कायदा अजून आपल्याकडं नाही.

लोकांनी जोर लावला तर काय होतं याचं उदाहरण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे. 2012 मध्ये तिथल्या मतदारांनी गाड्यांच्या दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूनं कौल दिला, कायदा झाला, आणि एका राज्यातल्या त्या कायद्यामुळं 2014 च्या सुरुवातीला वाहन कंपन्यांनी सबंध देशासाठी करार केला की स्वतंत्र गॅरेजांना निदानाची साधनं आणि माहिती देऊ. तिथं जे देता आलं ते इथं द्यायला काय अडचण आहे हे एकदा कंपन्यांनी सांगावं. गाडी तीच, कॉम्प्युटर तोच. ट्रॅक्टरवाल्यांनीही कान टवकारावेत. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं जॉन डिअरवर खटला भरला, शेतकऱ्यांना दुरुस्तीचं पूर्ण सॉफ्टवेअर मिळू देत नाही म्हणून. याच कंपनीचा कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला आहे. सोयाबीन काढणीच्या आठवड्यात ट्रॅक्टर स्क्रीनवर चुकीचा कोड दाखवून उभा राहिला की मग कळेल हा विषय फक्त कारवाल्यांचा नाही.

आता कंपन्यांच्या बाजूचा मुद्दा. तो अगदीच टाकाऊ नाही, म्हणून नीट घेतो. ते म्हणतात, दिवा विझवणं सोपं केलं तर लोक ऑइल न बदलताच विझवतील. खरं आहे, काही विझवतील. पण ज्याला ऑइल बदलायचंच नाही, तो आजही दिव्याकडं बघत दोन वर्षं गाडी चालवतो. दिव्यानं गाडी थांबत नाही. म्हणजे कुलुपामुळं आळशी माणूस सुधारला नाही, उलट ज्यानं प्रामाणिकपणे काम करून घेतलं तोच अडकला. दुसरं, स्कॅनर शोरूममध्ये असला म्हणून तिथं ऑइल खरंच बदललं याची हमी कोण देतं? गाडी आत जाते, आपण बाहेर एसीत बसून कॉफी पितो. तिथं नुसता दिवा विझवून बिल फाडलं तर ते पकडणारा सेन्सर गाडीत नाही, हे वर सांगितलंच.

आणि सुरक्षेचं म्हणाल तर, एअरबॅग आणि ब्रेकच्या कॉम्प्युटरमध्ये कुणीही बोटं घालावीत असं मीही म्हणत नाही. तारीख शून्य करण्यात कसली आलीय सुरक्षा?

पण आपल्या गॅरेजवाल्यांनाही दोन शब्द. मिस्त्री लोकांनो, राग मानू नका. 'दिवा घालवून देतो' एवढंच काम घेणारेही आपल्यातच आहेत. जुन्या गाड्यांच्या बाजारात तर हे सर्रास चालतं. गाडी विकायच्या आधी दिवा शून्य, इंजिनाच्या दिव्याचे कोड पुसलेले, डॅशबोर्ड स्वच्छ, वरून पॉलिश. घेणारा किल्ली फिरवतो, एकही दिवा लागत नाही, खूश होतो. दोन महिन्यांनी डिझेल गाडीचा टर्बो जातो, बॉनेटखाली झाकण काढून बघितलं तर ऑइलचा डांबरासारखा गाळ. ज्यानं पै पै साठवून टुरिस्ट परमिटसाठी जुनी गाडी घेतली, त्याचा हप्ता चालू आणि गाडी गॅरेजात. अशा माणसाला फसवणाऱ्याचं समर्थन दुरुस्तीच्या हक्काच्या नावाखाली करायचं नाही. उघड्या पद्धतीची मागणी करायची तर कामाचा हिशेबही उघडा ठेवायचा. बिल द्या. पक्कं. त्यावर तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड, किती लिटर, फिल्टरचा नंबर. 'ऑइल सर्व्हिस' असं दोन शब्दांत चिठ्ठीवर लिहून देऊ नका. गिऱ्हाइकाकडं असा कागद असेल तर त्याला कुठल्याही काउंटरवर वरच्या आवाजात बोलता येतं.

माझी मागणी काही मोठी नाही. सर्व्हिसचा दिवा मालकाला कुठल्याही यंत्राशिवाय आणि पैशाशिवाय घालवता आला पाहिजे, आणि त्याची रीत गाडीसोबत मराठीत छापून मिळाली पाहिजे. क्यूआर कोड चिकटवून सहाशे पानी इंग्रजी फाइल नको. आणि दर रीसेटची नोंद, किती किलोमीटरला झाला ती, गाडीनंच जपून ठेवावी आणि मीटरवर दाखवावी. शेवटच्या पाच नोंदी दिसल्या तरी पुरे. जुनी गाडी घेणाऱ्याला एका नजरेत कळेल की दहा हजारांनी झालंय का चाळीस हजारांनी एकदम. मीटरमध्ये आजचं गाणं, उद्याचा पाऊस सगळं दिसतं, ह्या पाच ओळी दाखवायला जागा नाही असं कुणी सांगू नये. दिवा विझवून फसवणूक होईल ही कंपन्यांची काळजी खरी असेल, तर त्यावरचा उपाय हा आहे.

तोवर आपण काय करायचं? सर्व्हिसिंगला गाडी टाकताना जॉब कार्डवर लिहून घ्या की रीसेट कामातच धरलेला आहे. बाहेर काम केलं असेल तर काउंटरवर एवढंच विचारा: "रीसेटची पद्धत मॅन्युअलमध्ये कुठल्या पानावर आहे, ते लेखी द्या." ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येत ग्राहकापासून जाणूनबुजून माहिती दडवणं हेही येतं, हे त्यांना नम्रपणे सांगा. आवाज चढवायची गरज नाही. 'वॉरंटी गेली' म्हणाले तर तेही लेखी मागा. माझा अनुभव असा की लेखी म्हटलं की मॅनेजर बाहेर येतो. तरी नाही जमलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, तिथं तक्रार नोंदवून नंबर घ्या. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात तिथं फीसुद्धा नाही. वकीलच पाहिजे असंही नाही.

885 रुपयांसाठी आयोगात कोण जातं, हे मलाही कळतं. त्यांनाही कळतं, म्हणून तर रक्कम 885 असते. त्यामुळं एकेकट्यानं नको, एकत्र जाऊ. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये ग्राहक पंचायत उभी केली ती पुण्यातच. या राज्याला ग्राहकांनी एकत्र कसं यायचं ते नव्यानं शिकवायला लागू नये.

कमेंटमध्ये फक्त चार गोष्टी लिहा: गाडीचं मॉडेल, साल, रीसेटची पद्धत मॅन्युअलमध्ये आहे की नाही, आणि त्यासाठी वेगळे पैसे घेतले असतील तर किती. सेंटरचं आणि माणसाचं नाव लिहू नका, उगाच भांडणं लागतात आणि मुद्दा बाजूला पडतो. बिलाचा फोटो टाकलात तर नंबर आणि पत्ता झाकून टाका. मिस्त्री मंडळींनी कुठल्या मॉडेलला काय अडतं ते लिहा, तुमच्याइतकं ते कुणालाच माहीत नाही. मॉडेलवार तक्ता मी करतो आणि ग्राहक पंचायतीला व दिल्लीच्या ग्राहक व्यवहार विभागाला एकाच दिवशी पाठवतो. रविवारपर्यंत जेवढं येईल तेवढं पहिल्या यादीत. मेहुण्याचं बिल एक नंबरला टाकलंय.